मधलं काही आठवतं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भूलदिनानिमित्त १६ ऑक्टोबरच्या आपल्या अंकातला लेख वाचला. १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेची हकीकत त्यात छान आली होती. पण भूल मध्येच उतरली तर काय होतं, हे त्यात नव्हतं. ते मी भोगलंय, म्हणून हे पत्र.

मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं ऑपरेटर होते, म्हणजे आयुष्यभर कानावरच काम केलं. तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाची मायट्रल झडप बदलली. त्या शस्त्रक्रियेत मी एक पुरुषी आवाज ऐकला, "चौतीस झालं." मग स्टीलच्या वाटीत काहीतरी टाकल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने ऐकू आलं, "छत्तीस, आता सोडू." दुखत नव्हतं. पण डोळे उघडत नव्हते, बोट हलत नव्हतं. मला वाटलं मी मेले आणि कुणाला कळलंच नाही.

हे मला आठवलं चौथ्या दिवशी, वॉर्डात चहाचा चमचा वाटीत पडला तेव्हा. राउंडला आलेल्या डॉक्टरांना सांगितलं, तर "औषधांनी भास होतात आजी," म्हणून ते पुढे गेले. त्यानंतर वर्षभर घरात कुणी भांडी घासायला लागलं की मी अंगणात जाऊन बसायची.

माझी भाची मिरजेला भूलशास्त्र शिकते. तिने मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. ती म्हणाली, "मावशी, ते आकडे तापमानाचे होते." हृदय आणि फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर असताना शरीर थंड केलेलं असतं आणि थंड शरीराला कमी भूलही पुरते. शेवटी रक्त ऊबदार करतात तेव्हा मेंदूही जागा व्हायला लागतो. स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असल्याने पेशंटला हलून सांगताही येत नाही. शिवाय हृदय कमजोर असलं की रक्तदाब पडेल या धास्तीने भूल हात राखूनच द्यावी लागते. तिचं बोलणं ऐकून मला प्रथमच रडू आलं.

कपाळावर पट्टी चिकटवून मेंदूच्या लहरी वाचणारं यंत्र असतं. त्याला बीआयएस म्हणतात. शून्य ते शंभरमधला आकडा ते दाखवतं आणि शस्त्रक्रियेत तो ४० ते ६० च्या दरम्यान ठेवतात. त्याची गरज नाही असं म्हणणारे २०११ च्या एका मोठ्या अभ्यासाकडे बोट दाखवतात. अमेरिका-कॅनडातल्या सुमारे सहा हजार पेशंटांवर तो झाला. श्वासातून बाहेर येणारा भुलीचा वायू मोजून अलार्म लावला, तर बीआयएस त्याहून सरस ठरत नाही, असं त्यात दिसलं. मान्य. पण मशीनवर असताना फुप्फुसं बंदच असतात! तेव्हा मोजायला श्वास आणायचा कुठून? त्या वेळी भूलतज्ज्ञाच्या हाताशी मेंदूच्या लहरी उरतात, त्याही बघायच्या नाहीत का? पट्टी एकदाच वापरता येते, ती महाग पडते, तिचा आकडा कधी चुकतोही, हे भाचीनेच सांगितलं. तरीही हृदयाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेत ती लावलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट, म्हणजे पेशंटला नंतर विचारणं, तर फुकट आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या २०१४ च्या पाहणीत भुलीत जाग आल्याच्या तक्रारी सुमारे १९ हजार भुलींमागे एक निघाल्या, हृदय-छातीच्या शस्त्रक्रियांत ८,६०० मागे एक. पण या पेशंटांनी आपणहून सांगितलेल्या. पेशंटला मुद्दाम विचारलं की प्रमाण बरंच वाढतं. विचारायचे प्रश्न १९७० पासून ठरलेले आहेत: झोपण्याआधीचं शेवटचं काय आठवतं, जागं झाल्यावरचं पहिलं काय, मधलं काही आठवतं का, स्वप्न पडलं का. शुद्धीवर आल्यावर एकदा आणि घरी सोडताना पुन्हा, एवढंच विचारावं. मला एकदाही कुणी विचारलं नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या दिरांची बायपास आहे. हे चार प्रश्न मी कागदावर लिहून जाऊबाईंकडे दिलेत. डॉक्टरांनी नाही विचारले, तर त्या विचारतील.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, सातारा
(कृपया नाव छापू नये.)