सर्व्हर डाऊन नव्हता, दोन केबलींचं जमत नव्हतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'सर्व्हर डाऊन, विद्यार्थी ताटकळले' अशी बातमी आपल्या अंकात दर एक-दोन महिन्यांनी वाचायला मिळते. गाव बदलतं, खातं बदलतं, ते दोन शब्द मात्र तेच. मी लातूरला संगणकांची जोडणी करून पोट भरतो, बावीस वर्षं झाली. अनुभवावरून सांगतो, त्या 'डाऊन'मधलं बरंचसं खापर सर्व्हरच्या माथी उगाच फुटतं.

मागच्या पावसाळ्यात इथल्याच एका कॉलेजातून फोन आला. नाव लिहीत नाही, चूक त्यांची नव्हती. साठ संगणकांची लॅब, ऑनलाइन सराव परीक्षा, आणि एकाआड एक संगणकावर पेपर उघडेना. पाच नंबर चालू, सहा बंद, सात चालू, आठ बंद. मी पोचेपर्यंत पोरांनी 'सम आकड्यांना साडेसाती' असं नावही ठेवून टाकलं होतं. लॅब असिस्टंटनं बिचाऱ्यानं बाकांखाली सरपटत तीसच्या तीस पॅच कॉर्ड, म्हणजे संगणकाला जाळ्याशी जोडणाऱ्या छोट्या केबली, बदलल्या होत्या. ठेकेदाराचा माणूस फोनवरून सांगत होता, 'सर्व्हर लोड घेत नाही, रॅम वाढवा.' आणि रॅमचं कोटेशन टेबलावर येऊन पडलंही होतं!

आता आतली रचना सांगतो. हल्ली एका मोठ्या मशीनमध्ये तीन-चार आभासी मशीन चालवतात: एकात परीक्षा, एकात ग्रंथालय, एकात हजेरी. या सगळ्यांना बाहेरच्या जाळ्याशी जोडायला मशीनच्या आत सॉफ्टवेअरचाच एक स्विच असतो. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, कुठला माल कुठल्या केबलीवर जायचा हे ठरवणारा जोडणारा. या कॉलेजात ओपन व्हीस्विच होता. फुकट मिळतो, चांगला आहे, २०१२ पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, त्याची सोय आहे. त्या आतल्या स्विचमधून दोन केबली निघून रॅकमधल्या खऱ्या स्विचला जातात. दोन पोर्ट मिळून एकच धरायचं, याला आमच्यात बॉन्ड म्हणतात. एक केबल गेली तरी दुसरीवर काम चालावं, हा हेतू.

पण बॉन्ड दोन्ही टोकांनी एकाच समजुतीनं बांधावा लागतो. इथं सर्व्हरच्या बाजूला 'ॲक्टिव्ह-बॅकअप' होतं. म्हणजे एक केबल कामाची, दुसरी राखीव, आणि राखीव केबलीवरून काही आलं तर ते सरळ टाकून द्यायचं. रॅकमधल्या स्विचवर मात्र कुणीतरी दोन्ही पोर्टांचा पक्का गट करून ठेवलेला. त्याच्या लेखी दोन्ही केबली चालू, म्हणून तो निम्मा माल, म्हणजे माहिती, हिच्यावरून पाठवी, निम्मा तिच्यावरून. कुणाचा कुठून, हे तो पत्त्यांच्या आकड्यांवरून ठरवी. संगणकांचे आयपी पत्ते, म्हणजे जाळ्यातले त्यांचे आकडी पत्ते, त्यांच्या नंबरांप्रमाणेच ओळीनं दिलेले. विषम नंबर कामाच्या केबलीवर, सम नंबर राखीव केबलीवर, म्हणजे थेट कचऱ्यात.

मी रॅकपाशी गेलो आणि राखीव केबल ओढून काढली. लॅबमधून कालवा उठला, 'चालू झालं, चालू झालं!' केबल काढल्यावर नेटवर्क चालू झालेलं प्राचार्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असावं. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेनं बघितलं, ती आम्ही मंडळी सहसा अंगारा देणाऱ्यासाठी राखून ठेवतो.

पुढची दुरुस्ती अर्ध्या तासाची. दोन्ही बाजूंना एलएसीपी चालू केलं. दोन टोकांनी एकमेकांशी बोलून 'ही केबल आपल्या गटातली ना?' अशी खात्री करून घेण्याची ही पद्धत. आयईईई या तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ती २००० साली ८०२.३एडी या नावानं ठरवली, २००८ पासून ती ८०२.१एएक्समध्ये आहे. नवीन काही नाही. सर्व्हरच्या बाजूला बॉन्डचा प्रकार 'बॅलन्स-टीसीपी', म्हणजे एकेका जोडणीप्रमाणे माल दोन्ही केबलींवर वाटणारा, केला, आणि एलएसीपीच्या स्थितीत 'निगोशिएटेड' (बोलणी झाली) हा शब्द दिसेपर्यंत खुर्ची सोडली नाही. बोलणी झाली नाहीत तर हा प्रकार दोन्ही केबली बंद ठेवतो. तसं होऊ नये म्हणून ॲक्टिव्ह-बॅकअपवर उतरण्याची वेगळी सेटिंग आहे, ती आपण लावावी लागते.

प्राचार्यांनी लगेच विचारलं, 'म्हणजे आता वेग दुप्पट?' नाही. एसटी स्टँडवर पासाच्या दोन खिडक्या उघडल्या म्हणून तुमचा एकट्याचा पास निम्म्या वेळात निघत नाही. रांग लवकर सरते, एवढंच. तसंच एक फाइल एका वेळी एकाच केबलीवरून जाते. एक-एक गिगाबिटच्या दोन केबली असल्या तरी त्या फाइलीला एकच गिगाबिट. साठ पोरांचे पेपर मात्र दोन केबलींवर वाटले जातात. ओपन व्हीस्विचमध्ये 'बॅलन्स-एसएलबी' असाही प्रकार आहे, त्याला समोरच्या स्विचची मदत लागत नाही. पण तो वाटणी करतो आभासी मशीनच्या मॅक पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकावरून. परीक्षेचं मशीन एकच असेल तर त्याचा सगळा भार एकाच केबलीवर बसतो, दुसरी मोकळी. विकणारे हे सांगत नाहीत, कारण बहुतेकांना ते ठाऊक नसतं.

मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. काही वर्षांपूर्वी लातुरात बसून नांदेडच्या एका सर्व्हरचा बॉन्ड बांधत होतो. ज्या पोर्टवरून आत शिरलो होतो, तेच पोर्ट बॉन्डमध्ये टाकलं. स्क्रीन जागच्या जागी गोठली. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड! संध्याकाळची एसटी पकडली, आणि अहमदपूर मागं पडेपर्यंत तिकडून अकरा फोन आले. तेव्हापासून असं काम मशीनपाशी बसूनच करतो. याहून वाईट म्हणजे बॉन्ड न बांधता दोन्ही पोर्ट नुसती आतल्या स्विचला जोडणं. वळसा तयार होतो, तोच माल गरगर फिरत राहतो आणि अख्खी इमारत बसते. वळसा तोडणारी एसटीपी ओपन व्हीस्विचमध्ये मुळात बंद असते.

आमच्या भागातला आणखी एक प्रकार. दोन इमारतींमध्ये फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि साधी केबल यांना जोडणारी डबी. रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली, तरी सर्व्हरपासून कन्व्हर्टरपर्यंतची दोन मीटरची केबल शाबूत असते. पोर्टाचा हिरवा दिवा जळतच राहतो. साधा बॉन्ड त्या दिव्यावर विश्वास ठेवतो आणि माल तुटक्या वाटेवर ढकलत बसतो. एलएसीपीला पलीकडून निरोप आला नाही की कळतं. पण संथ पद्धतीत निरोप ३० सेकंदांनी येतो आणि तीन चुकले की मगच केबल बाद, म्हणजे दीड मिनिट. जलद पद्धतीत दर सेकंदाला निरोप, तीन सेकंदांत निकाल. परीक्षेच्या जागी जलदच लावावी.

माझं मागणं साधं आहे. कॉलेजं, बँका, बाजार समित्या, सगळीकडे निविदेत 'दुहेरी जोडणी' असं लिहिलेलं असतं. ठेकेदार दोन केबली दाखवतो, दिवे दाखवतो, सही घेतो. सही करण्याआधी त्याला सांगा: पिंग, म्हणजे 'आहेस का?' असं सतत विचारून उत्तर तपासणं, चालू ठेव आणि माझ्यासमोर एक केबल उपट. मग ती लाव, पुन्हा जुळू दे आणि दुसरी उपट. दोन्ही केबली एकाच स्विचला गेल्यात का, तेही विचारा, कारण तसं असेल तर स्विच जळाल्यावर दोन्हींचा उपयोग शून्य. स्विच दोन असतील आणि ते आपसात जोडी करणारे नसतील, तर तिथं ॲक्टिव्ह-बॅकअपच योग्य, फक्त स्विचवर गट बांधू नका. कुठल्या टोकाला काय सेटिंग आहे, ते कागदावर लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. या सगळ्याला खर्च येतो तो एका कागदाचा आणि चिकटपट्टीचा.

त्या कॉलेजातल्या लॅब असिस्टंटचा परवा फोन आला होता. चाचणी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यानं स्वतःच्या हातानं निळी केबल काढून पाहिली, मग पिवळी. म्हणाला, 'सर, एकदा एक पिंग चुकला, एकदा दोन. रजिस्टरात लिहून ठेवलंय.'

आपला नियमित वाचक,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, लातूर