अंदमानचा हिशेब घराच्या कुलपापासून मांडा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की ‘अंदमान, पाच रात्री, माणशी फक्त इतके’ अशा जाहिराती दिसू लागतात. त्यातला ‘फक्त’ बहुधा श्री विजयपुरमच्या (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) विमानतळावर सुरू होऊन तिथेच संपतो. नागपूरकराचा खर्च मात्र घराला कुलूप लागताच सुरू होतो. दरात विमानभाडे, दुपारचे जेवण आणि जीएसटी धरले आहे का, हे लेखी घ्यावे. माणशी दर बहुतेक वेळा एका खोलीत दोघे धरून काढलेला असतो. मुलाच्या जादा गादीचे पैसे वेगळे.

प्रवासात वाचवायला बरीच जागा आहे. चेन्नईपर्यंत तामिळनाडू एक्स्प्रेस आणि पुढे विमान, हा मार्ग खिशाला परवडतो. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडते. दिवाळीच्या तिकिटासाठी त्याच दिवशी आरक्षणाला बसावे. चेन्नई सेंट्रल स्थानकातून मेट्रो थेट विमानतळावर जाते. मात्र गाडीला उशीर होऊन विमान चुकले, तर विमान कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो. मध्ये निदान सहा तास ठेवावेत. विमानाची चार तिकिटे एकदम शोधू नयेत. कमी दराच्या दोनच जागा उरल्या असतील, तर चौघांनाही वरचा दर लागतो. दोन-दोन करून पाहावे. चेन्नईहून जहाजही आहे, पण एका बाजूलाच अडीच-तीन दिवस खाते.

अंदमानात भाजीपाला बराचसा जहाजाने येतो. मासे खाणाऱ्याचे भागते. वांग्याची भाजी आणि पोळीचाच हट्ट असेल, तर जेवणाला रोज माणशी हजार रुपये धरावेत. नोव्हेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे दुपारी दोनला उतरणाऱ्या विमानाचे तिकीट स्वस्त असले, तरी खोलीभाड्याचा एक दिवस फुकट जातो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती इतर बेटांवरून श्री विजयपुरमला परतणाऱ्या बोटीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळे होतात आणि समुद्र खवळला की स्वराज द्वीपच्या (पूर्वीचे हॅवलॉक बेट) फेऱ्या रद्द होतात. बोटीचे पैसे परत मिळतीलही. पण त्याच दिवशीचे विमान गेले, की चौघांची नवी तिकिटे ऐनवेळच्या दराने. म्हणून विमानाच्या आदली रात्र श्री विजयपुरममध्येच काढावी. स्वस्तातल्या आखणीत नेमकी हीच रात्र कापलेली असते. तिचे भाडे आणि एकूण खर्चाचा दहावा भाग रोख वेगळा काढावा, कारण लहान बेटांवर एटीएम मोजकी आहेत. बोट वेळेवर आलीच, तर सेल्युलर जेल आणि बाजारासाठी तो दिवस हाताशी राहतो. पहिल्याच दिवशी ते उरकायची गरज नाही.

एक वाचक,
धरमपेठ, नागपूर