यंदाही फक्की पडली पाहिजे: गावच्या कबड्डी सामन्यांसाठी मदतीचं आवाहन

सर्व ग्रामस्थ, आजी-माजी खेळाडू आणि नोकरी-धंद्यासाठी गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरकडे गेलेले आपल्याच गावचे भाऊ-बहिणी, सर्वांना मंडळातर्फे जोहार.

धान चुरून झालं, घराघरामागे तणसीचे ढीग लागले, म्हणजे मैदानावर आखणीची चुन्याची फक्की पडायची वेळ आली, हे आपल्या गावाला सांगावं लागत नाही. यंदाचे सामने २४, २५ आणि २६ जानेवारीला ठरले आहेत. हे पत्र खरं तर दिवाळीतच निघायला हवं होतं. कापणीच्या गडबडीत राहून गेलं, त्याबद्दल आधीच माफी मागतो. पण मागण्याआधी ज्यांनी आजवर दिलं त्यांचं सांगितलंच पाहिजे.

मंडळ उभं केलं ते आपल्या गुरुजींनी. शाळेमागची ती पडीक जागा रविवारी रविवारी पोरांना घेऊन त्यांनी साफ केली, स्वतःच्या पगारातून तळ्यातली गाळाची माती आणून टाकली. ते दिवस आठवा. आपला गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. नक्षल्यांचे दलम, म्हणजे बंदूकधारी तुकड्या, त्याच्याही आधी, १९८० च्या सुमाराला सिरोंच्याकडून आपल्या जंगलात आलेले. म्हणजे आज ज्यांची पोरं मंडळात खेळतात, त्यांनी स्वतःच्या लहानपणी बिनघोर रात्र पाहिलेलीच नाही. संध्याकाळी चार पोरं रस्त्यावर उभी दिसली, की रात्री एका बाजूची आणि सकाळी दुसऱ्या बाजूची विचारणा यायची. म्हणून गुरुजींचा नियम होता, सूर्य झाडाखाली गेला की खेळ बंद. कितीतरी अंतिम सामने आपण बरोबरीत सोडले, कारण अंधार पडला.

तीन वर्षांपूर्वी आपण पहिल्यांदा रात्री सामना खेळवला. त्या रात्रीचे दिवे आपल्या मोटार-वाइंडिंगवाल्या भाऊंनी एक पैसा न घेता लावले, जनरेटर राइस मिलवाल्या शेठजींनी दिला, आणि बाहेरून आलेल्या संघांना बचत गटाच्या बायांनी पहाटे दोनपर्यंत गरम भात-वरण वाढलं. आपल्याच मंडळात खेळून पोलीस भरतीत लागलेल्या तिघांनी पहिल्या पगारातून नीकॅप आणि बूट पाठवले. यातल्या कोणालाच नाव छापलेलं नको आहे. नावं गावाला माहीत आहेत.

लाहेरीला ८ ऑक्टोबर २००९ ला नक्षल्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस गेले. जांभुळखेड्याला १ मे २०१९ ला १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेला. खबरी ठरवून मारले ते आपल्यासारखेच शेतकरी, आणि चकमकीत पडली तीही कुठल्यातरी गावची पोरंपोरीच. आपल्या गावात यातली सगळी घरं आहेत. कोणतं घर कोणतं ते इथे लिहायची गरज नाही.

मैदानाला लागून घर असलेल्या आजीचं मात्र तिला विचारून लिहितो. आपल्याकडे गडी बाद झाला की पोरं ‘मेला, मेला’ ओरडतात. ती आरोळी आली की आजी दरवेळी उठून आत जायची, दार लावून घ्यायची. पोरांच्या ध्यानात यायला दोन मोसम गेले. मग एका संध्याकाळी कप्तानाने सगळ्यांना गोल बसवलं आणि सांगितलं, आजपासून ‘बाद’ म्हणायचं. आता आजी ओट्यावर बसून पूर्ण सामना पाहते. गेल्या वर्षी तिने दोन पायल्या तांदूळ दिले. पावती फाडायला गेलो तर म्हणाली, “बाबू, पावती राहू दे. या खेळात बाद झालेला गडी परत येते ना, ते मले आवडते.”

१५ ऑक्टोबर २०२५ ला नक्षल्यांचा मोठा नेता भूपती ६० साथीदारांसह शस्त्रं घेऊन गडचिरोलीत शरण आला, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. बंदूक एका दिवसात खाली ठेवता येते. पण परत आलेल्याच्या शेजारी पंगतीत बसायला गावाला किती दिवस लागतात, ते आपल्याला माहीत आहे. आपल्या कुमार संघात डाव्या कोपऱ्यावर जो पोरगा उभा राहतो, त्याचे वडील मारले गेले. त्याच्या शेजारच्या गड्याचा काका दलममधून परत आलेला. साखळी करायची तर दोघांनी एकमेकांचा पंजा घट्ट धरावा लागतो, हात सैल असला की चढाई करणारा मधून निघून जातो. पहिले पंधरा दिवस ही दोघं नुसतं बोटाला बोट लावून उभी राहायची आणि रोज गुण जायचे. आम्ही कोणी काही बोललो नाही. तालुक्याच्या सामन्यात शेवटच्या चढाईला मी रेषेला लागून उभा होतो. समोरचा गडी मध्यरेषेपासून वीतभर राहिला तेव्हा या दोघांनी त्याला साखळीत अडकवला. शिट्टी वाजून गेली तरी यांचे पंजे सुटेनात, पंचांना वाकून सोडवावे लागले.

गुरुजींनी गेल्या सभेत दूरदेशीची एक गोष्ट सांगितली. कोलंबिया देशाचा फुटबॉल खेळाडू आंद्रेस एस्कोबार याला १९९४ साली मेडेलिन शहरात गोळ्या घालून मारलं. त्यानंतर तिथे गल्लीगल्लीतल्या टोळ्यांच्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला, त्यात मुलं-मुली एकाच संघात आणि पहिला गोल मुलीनेच करायचा असा नियम. त्यावरूनच आपण यंदा २६ तारखेला सकाळी मिश्र संघांचा प्रदर्शनीय सामना ठेवला आहे. चिठ्ठ्या टाकून संघ पाडायचे आणि पहिली चढाई मुलीची.

पण गुरुजींनी दुसरीही गोष्ट सांगितली, ती मला जास्त लागली. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये यादवी चालू असताना द्रोग्बा या खेळाडूने गुडघे टेकून शस्त्रं ठेवा म्हणून विनंती केली, आणि २००७ साली बंडखोरांच्या बुआके शहरात देशाच्या संघाचा सामना झाला. लोक नाचले. तरी २०१०-११ मध्ये निवडणुकीनंतर तिथे पुन्हा गोळ्या चालल्याच. एका सामन्याने भागत नाही. म्हणून यंदा आम्ही तीन दिवसांच्या सामन्यांपुरतं नाही, तर वर्षभराच्या सरावासाठी मागत आहोत. फेब्रुवारीत मंडप उतरला की पोरं परत मोबाइल आणि खर्ऱ्याकडे वळतात, नाहीतर मिरची तोडायला तेलंगणात जातात. रोज संध्याकाळी मैदानावर कोणीतरी मोठं माणूस उभं असेल तरच ती टिकतात.

आता मनातलं एक बोलतो. गेल्या वर्षी आम्ही चाळीस पत्रं वाटली, तीन उत्तरं आली. मंचावर माइक हातात घेऊन जाहीर झालेली एक मोठी देणगी आजपर्यंत आलेली नाही. मागायला चार वेळा जाऊन आलो, पाचव्यांदा जाणार नाही. बाहेरगावी गेलेल्या आपल्याच काही खेळाडूंनी फोनही उचलले नाहीत. दुखतं हो. कबड्डी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला दाखवली ती आपल्या विदर्भातल्या, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने. त्या मातीतल्या पोरांना चुना-फक्कीसाठी दारोदार फिरावं लागू नये, एवढंच म्हणणं आहे.

हिशेब असा: मैदान व कुंपण २८,०००, तीन रात्रींचे दिवे व डिझेल २४,०००, १६ संघांचं जेवण-मुक्काम ४५,०००, बक्षिसं २६,०००, मुलींचे गणवेश, नीकॅप, प्रथमोपचार पेटी १४,०००, वर्षभर सराव घेणाऱ्याचं मानधन महिना ४,००० प्रमाणे ४८,०००, एकूण १,८५,००० रुपये. जमा ६२,०००, कमी १,२३,०००. मॅटचा भाव काढला, तो आपल्या ऐपतीबाहेर आहे, म्हणून मातीवरच खेळू (१३ बाय १० मीटर, मुलींसाठी १२ बाय ८ आत आखू). पैसे मंडळाच्या खात्यात, क्यूआर कोड समाजमंदिराच्या भिंतीवर. रोख असेल तर कोषाध्यक्षांकडेच द्या, पावतीशिवाय कोणाला देऊ नका. धान्य, तेल, सरपण, ताडपत्री चालेल. १० जानेवारीपर्यंत. संघाची नोंदणीही तोवरच, मुलींच्या संघांना प्रवेश फी नाही. मागच्या वर्षीचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेला आहे.

आपला नम्र,
सचिव, क्रीडा मंडळ

ता. क. मैदान नांगरायला ट्रॅक्टर द्यायचं ज्यांनी कबूल केलं आहे त्यांनी या बुधवारपर्यंत पाठवावा. माती बसायला निदान दोन आठवडे पाणी मारावं लागतं, आणि रोलर फक्त चार दिवस मिळणार आहे.