गिअर वाजतो म्हणजे गिअरबॉक्सच गेला असं नसतं हो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांच्या प्रश्नोत्तरात एकाने विचारलं होतं की जुन्या जीपचा गिअर टाकताना कर्रर्र आवाज येतो, काय करू? तर आपल्या तज्ज्ञांनी एका ओळीत निकाल लावला, तीन गिअरचा जुना टी-९० काढा आणि चार गिअरचा केएमटी-९० बसवा. झालं उत्तर! बसवणाऱ्याने खुशाल बसवावा, घाटात चार गिअर सोयीचेच पडतात, पण विचारलं होतं आवाजाबद्दल, आणि तो कशाचा आहे हे बघायच्या आधीच गिअरबॉक्स भंगारात. दोन वर्षांपूर्वी हेच मला साताऱ्यात एका गॅरेजवाल्याने ऐकवलं होतं, वर बावीस हजारांचा आकडा, आणि मी गाडी त्याच्याकडे सोडणारच होतो, म्हणून हे पत्र.

आमची गाडी म्हणजे वडिलांनी सरकारी लिलावात घेतलेली महिंद्राची पेट्रोल सीजे-३बी जीप, उंच बॉनेटवाली. गिअर तीनच, त्यातल्या फर्स्टला आणि रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडायच्या आधी आतले दोन वेग जुळवून घेणारी रचना) नाही, सेकंड आणि थर्डला आहे. हे माहीत नसलेली नवीन पोरं सिग्नलला गाडी अजून सरकत असतानाच फर्स्ट टाकायला जातात, मग तो ओरडतो आणि यांना वाटतं गाडी बिघडली. तो ओरडणारच, त्याची बनावटच तशी आहे, गाडी पूर्ण उभी करा मग टाका.

पण माझी तक्रार वेगळी होती, यवतेश्वरचा घाट चढताना थर्डवरून सेकंडला आलो की दात मोजून घ्यावेत असा आवाज, आणि हळूहळू रिव्हर्स पण वाजायला लागला. शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत, आम्ही सगळे तात्या म्हणतो. त्यांना मी आवाजाची नक्कल करून दाखवत होतो तर म्हणाले, "नकला नको रे करू, वाजतो कधी ते सांग. गाडी गार असताना का तापल्यावर, चढताना का उतरताना, सगळे गिअर वाजतात का एकच?" मला धड एकाचंही उत्तर देता आलं नाही. रोज गाडी चालवतो मी!

मग त्यांनी इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकायला लावले, अलगद पडले, म्हणजे आत काही अडकलेलं नव्हतं. नंतर इंजिन चालू करून आयडलवर सोडलं, क्लच पार खाली दाबायला लावला आणि म्हणाले आता मनात पाच मोज आणि मग रिव्हर्स टाक. पाच मोजले तरी कर्रर्र. "क्लच कापत नाहीये," तात्या म्हणाले, आणि गिअरबॉक्सकडे ढुंकूनही न बघता खाली वाकून पेडल बघायला लागले. कारण असं की क्लच दाबल्यावर इंजिनचा आणि गिअरबॉक्सचा संबंध तुटला की आतला शाफ्ट दोन-चार सेकंदात थांबायला पाहिजे, रिव्हर्सला सिंक्रो नसल्यामुळे शाफ्ट थांबला नसेल तर तो लगेच चुगली करतो.

आता सांगायला लाज वाटते, पण उन्हाळ्यात पत्रा तापून पाय पोळतात म्हणून मी खाली काथ्याचं जाड पायपुसणं कापून टाकलं होतं. जीपचं पेडल फ्लोअरच्या खाचेतून वर येतं, मी पायपुसण्याला तेवढीच खाच पाडलेली, त्यामुळे पेडलचं वरचं पॅड तळाला टेकायच्या इंचभर आधी त्या काथ्यावरच टेकत होतं. मला वाटायचं क्लच पूर्ण दाबलाय! त्यात भर म्हणजे पेडल आणि क्लचच्या मध्ये जो आडवा पाइप असतो त्याच्या दोन्ही टोकांचे बॉल स्टड झिजलेले, ग्रीसचा पत्ता नाही, पेडल सरकायचं तेवढंही सगळं तिथेच जिरत होतं. पायपुसणं काढलं, स्टड बदलले, पेडलला इंचभर फ्री प्ले (क्लचवर जोर यायच्या आधीची मोकळी चाल) ठेवला, आणि रिव्हर्स गप्प. खर्च सहाशे रुपयांच्या आत. (एवढं करूनही क्लच कापला नसता तर इंजिनच्या मागच्या फ्लायव्हीलच्या (जड चाकाच्या) मधलं पायलट बुश, ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक बसतं, ते कोरडं पडून शाफ्टला धरून ठेवतंय का ते बघायचं होतं, पण त्यासाठी गाडी खोलावी लागते, म्हणून ते सगळ्यात शेवटी.)

सेकंड मात्र अजून वाजत होता, आधीपेक्षा कमी पण वाजत होता. इथे तात्यांनी डबल क्लच मारायला शिकवलं, जुने ट्रक ड्रायव्हर मारतात तसं. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटरला एक टोला द्या, परत क्लच दाबा आणि सेकंड टाका. खालच्या गिअरला येताना आतला गिअर जोरात फिरवावा लागतो, एरवी ते काम सिंक्रो करतो, इथे आपण पायाने करतो. तसा मारला की सेकंड आवाज न करता पडायचा. म्हणजे गिअरचे दात बरे होते, दोन वेग जुळवणारी पितळी रिंगच कामातून गेली होती. नुसत्या क्लचचा दोष असता तर थर्ड पण वाजला असता.

ऑइल काढलं तर ट्रेमध्ये उन्हात सोनेरी चमक दिसली, बोटावर घेतलं तर पिठासारखी बारीक. चुंबक फिरवला, त्याला अगदी थोडं चिकटलं. पितळ चुंबकाला चिकटत नाही, पोलादाचे तुकडे निघाले असते तर गोष्ट वेगळी होती. ऑइलच्या बाबतीत दुकानदार हमखास सांगतात जीएल-५ घ्या, जीएल-४ पेक्षा भारी (हे गिअर ऑइलचे दर्जे). पाच आकडा चारापेक्षा मोठा, एवढाच त्यांचा हिशोब. जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलच्या, म्हणजे चाकांच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरसाठी असतं, काही जीएल-५ ऑइलमधली रसायनं पितळाला खातात, शिवाय सिंक्रोच्या रिंगला थोडं घर्षण लागतंच, फार निसरडं ऑइल तिला पकडूच देत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घालायचं.

शेवटी गिअरबॉक्स उतरवला, पण आता काय शोधायचं ते माहीत होतं. दोन्ही रिंगा टेबलावर ठेवल्या. थर्डची आतून चाचपली तर बारीक आटे नखाला लागत होते, सेकंडची आतून आरशासारखी गुळगुळीत. रिंग गिअरच्या कोनवर (निमुळत्या भागावर) दाबून बसवली की तिचे दात आणि गिअरचे दात यांच्यात थोडी फट राहायला पाहिजे, थर्डला फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पातं आरामात गेलं, सेकंडला सगळ्यात पातळ पातं सुद्धा अडकलं. झिजून झिजून ती कोनवर पार आत जाऊन बसली होती, पकडायला जागाच उरली नव्हती. पुण्याच्या जुन्या बाजारात दोन रविवार गेले आणि शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला एक नवी रिंग मिळाली. त्याच्याबरोबर सील, गॅस्केट आणि ऑइल, मजुरी धरून बावीस हजारांच्या पाव भागात काम झालं.

आणि ती रिंग खाल्ली कुणी तर माझ्या मते त्या पायपुसण्यानेच. क्लच अर्धवट कापत असेल तर रिंग बिचारी इंजिनशी झगडत बसते, दरवेळी थोडी थोडी झिजते. नुसती रिंग बदलून पायपुसणं तसंच ठेवलं असतं, किंवा आपल्या तज्ज्ञांच्या सांगण्यावरून केएमटी-९० बसवला असता, तर त्याच्याही रिंगा तशाच गेल्या असत्या. तेव्हा त्या वाचकाला पुढच्या अंकात निदान एवढं तरी विचारा की साहेब, वाजतो कधी?

पायपुसणं सध्या आमच्या मागच्या दारात आहे. पेडलच्या आकाराची खाच पडलेली, त्यामुळे पाहुणे विचारतात.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा