ख्रिस्ती कथनसाहित्याला पुस्तकांच्या पानावर जागा द्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील पुस्तकांचे पान मी नेमाने वाचते. जगण्याला उभारी देणाऱ्या पुस्तकांविषयी तेथे वरचेवर लिहून येते. त्यांत सवयी घडवण्याची, यश मिळवण्याची पुस्तके असतात, संतचरित्रे असतात, अधूनमधून एखादे आत्मचरित्रही असते. ख्रिस्ती पुस्तक मात्र त्या पानावर क्वचित दिसते, आणि दिसलेच तर नाताळच्या सुमारास, सणाच्या माहितीच्या चौकटीत. याचा दोष मी एकट्या वृत्तपत्रांना देत नाही. धार्मिक पुस्तक म्हणजे रविवारच्या उपासनेतील संदेशाची छापील प्रत, अशी समजूत आम्हां मराठी ख्रिस्ती वाचकांनीही करून घेतली आहे, आणि आमच्या घरांतील कपाटे त्याच समजुतीने भरलेली आहेत. माझे म्हणणे असे की, ख्रिस्ती श्रद्धेतून लिहिलेली, पण पुढे काय होणार या उत्कंठेने वाचकाला धरून ठेवणारी जी पुस्तके आहेत, ती रोजच्या जगण्याविषयी जे शिकवतात ते निव्वळ उपदेशाच्या पुस्तकांना साधत नाही. म्हणून ती धर्माच्या कुंपणाबाहेरच्या मराठी वाचकांपर्यंतही पोहोचली पाहिजेत.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणून मी कॉरी टेन बूम यांचे ‘द हायडिंग प्लेस’ हे आत्मकथन पुढे करीन. जॉन आणि एलिझाबेथ शेरिल या दांपत्याच्या साहाय्याने लिहिलेले हे पुस्तक १९७१ साली प्रसिद्ध झाले. हॉलंडमधील हार्लेम येथे टेन बूम घराण्याचे घड्याळांचे दुकान १८३७पासून होते. वृद्ध वडील कास्पर, थोरली बहीण बेट्सी आणि कॉरी असे तिघे दुकानाच्या वरच्या मजल्यांवर राहत. कॉरी स्वतः घड्याळे दुरुस्त करीत. त्या कामाचा परवाना मिळवणाऱ्या त्या त्यांच्या देशातील पहिल्या स्त्री होत. १९४०मध्ये जर्मन फौजांनी देश ताब्यात घेतल्यावर ज्यू लोकांना घरात आसरा देण्याचे काम पन्नाशीच्या घरातील या अविवाहित बहिणींनी अंगावर घेतले. कॉरींच्या झोपण्याच्या खोलीत खोटी भिंत बांधून तिच्यामागे एक चिंचोळी जागा तयार करण्यात आली आणि कपाटाच्या सर्वांत खालच्या खणातून सरपटत आत शिरण्याची वाट ठेवण्यात आली. धोक्याची घंटा वाजली की जेवणाची ताटे उचलायची, अंथरुणाची ऊब कोणाच्या हाताला लागू नये म्हणून गाद्या उलट्या करायच्या आणि क्षणांचा हिशेब ठेवून भिंतीआड जायचे, याचा सराव त्या घरात वारंवार चाले.

२८ फेब्रुवारी १९४४ रोजी गेस्टापोचा, म्हणजे जर्मनांच्या गुप्त पोलिसांचा, छापा पडला. कॉरी त्या दिवशी तापाने अंथरुणाला खिळलेल्या होत्या. सहा माणसे भिंतीआड गेली. घरातल्यांना मारहाण झाली, भिंती ठोकून पाहण्यात आल्या, पण ती जागा सापडली नाही. कुटुंबाला पकडून नेल्यानंतरही घरावर पहारा राहिला, आणि आत अडकलेल्या सहा जणांचे पुढे काय झाले हे ना कॉरींना कळते, ना वाचकाला. कॉरी एकांतकोठडीत असताना त्यांच्या दुसऱ्या बहिणीचे, नॉली यांचे, पत्र येते. पाकिटावरील पत्त्याची अक्षरे तिकिटाच्या दिशेने तिरपी झुकलेली त्यांच्या ध्यानात येतात, त्या तिकीट ओले करून सोडवतात आणि त्याखाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत निरोप सापडतो की, तुझ्या कपाटातील सगळी घड्याळे, म्हणजे भिंतीआड लपलेली माणसे, सुखरूप आहेत. कोणत्याही रहस्यकथेच्या लेखकाने हेवा करावा असा हा प्रसंग आहे, आणि तो घडलेला आहे.

ही उत्कंठा केवळ वाचकाला गुंतवण्यासाठी नाही, हे सांगण्याकरिताच मी एवढा तपशील दिला. पुस्तकाच्या आरंभीच्या भागात, मृत्यूच्या भीतीने रडणाऱ्या लहानग्या कॉरीला वडील विचारतात की, आपण ॲमस्टरडॅमला जातो तेव्हा तुझे तिकीट मी तुझ्या हातात कधी देतो? गाडीत चढायच्या अगदी आधी, असे ती उत्तर देते. सामर्थ्याचेही तसेच आहे, ज्या वेळी लागेल त्या वेळी देव ते देईल, असे वडील तिला समजावतात. एखाद्या बोधवचनांच्या पुस्तकात हा प्रसंग आला असता तर वाचून आपण पान उलटले असते. येथे मात्र पुढची दोनशे पाने त्या एका आश्वासनाची परीक्षा पाहतात. तुमचे वय पाहता तुम्हांला घरी सोडतो, पुन्हा त्रास देणार नाही एवढे कबूल करा, असे गेस्टापोचा अधिकारी चौऱ्याऐंशी वर्षांच्या कास्पर यांना सांगतो. आज घरी गेलो तर उद्या मदतीसाठी दार ठोठावणाऱ्या कोणालाही मी दार उघडीन, असे ते उत्तर देतात. अटकेनंतर दहा दिवसांनी त्यांचा बंदिवासातच अंत झाला. लहान मुलीला दिलेले उत्तर त्यांनी स्वतः कसे निभावले, हे वाचकाला आता कोणी समजावून सांगावे लागत नाही.

पुढे कॉरी आणि बेट्सी यांना जर्मनीतील राव्हेन्सब्रुक येथील छळछावणीत नेण्यात आले. तेथील पिसवांचा प्रसंगही असाच आहे. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे बायबलमधील पौलाच्या पत्रातील वचन वाचून बेट्सी बराकीतील पिसवांबद्दलही देवाचे आभार मानू लागतात आणि कॉरींना ते अजिबात पटत नाही. पिसवांना भिऊन पहारेकरी त्या दालनात पाऊल ठेवत नाहीत, म्हणूनच तेथे बायकांना एकत्र बसून शास्त्र वाचता येते, हे नंतर उघड होते. आमच्या महिला मंडळात मी या पुस्तकातील भाग मराठीत सांगितले, तेव्हा हाच प्रसंग बायकांनी पुन्हा सांगायला लावला. सर्वांत मोठी चर्चा मात्र नॉली यांच्यावर झाली. घरात आसऱ्याला असलेल्या मुलीकडे बोट दाखवून ही ज्यू आहे का, असे सैनिकांनी विचारल्यावर नॉली यांनी खोटे न बोलता होय म्हटले. दोघींनाही पकडून नेण्यात आले. खोटी शिधापत्रके मिळवणाऱ्या, खोटी भिंत बांधून घेणाऱ्या कॉरींना बहिणीचे हे सत्यवचन समजेना, आणि वाचकही त्यांच्याबरोबर अस्वस्थ होतो. काही दिवसांनी ॲमस्टरडॅमच्या नाट्यगृहात कोंडलेल्या ज्यूंची सुटका करण्यात आली आणि त्यांत ती मुलगी होती. तरीही नॉलींचे बरोबर आणि कॉरींचे चूक, असा निवाडा पुस्तक करीत नाही. आमच्या मंडळात त्यावरून बोलणे निघाले ते थेट मुलामुलींच्या लग्नाच्या बोलणीपर्यंत गेले. मुलाचा आजार पलीकडच्यांना सांगावा की लपवावा, कर्जाचे खरे आकडे सांगावेत का, अशा प्रश्नांवर एरवी तोंड न उघडणाऱ्या बायका त्या दिवशी मोकळेपणाने बोलल्या. खरे बोलावे या विषयावर उत्तमोत्तम संदेश आम्ही सर्वांनी ऐकलेले आहेत, परंतु त्यांपैकी एकानेही हे घडवून आणले नव्हते.

क्षमेविषयीही तेच. बेट्सी १६ डिसेंबर १९४४ रोजी छावणीत मरण पावल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस कॉरींची सुटका झाली ती एका कारकुनी चुकीमुळे, असे त्यांना पुढे कळले. त्यांच्या वयाच्या स्त्रियांना त्यानंतर आठवड्याभरात मारण्यात आले होते. युद्धानंतर म्युनिकमध्ये त्या क्षमेवर बोलल्या आणि सभा संपल्यावर छावणीतील एक माजी पहारेकरी हात पुढे करून समोर उभा राहिला. त्यांचा हात उचलेना. ते पान वाचताना, गावोगावी सापडणारे ते भाऊ मला आठवले, जे बांधावरून किंवा वाटणीवरून वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत आणि आईच्या मयताला येऊनही वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहतात. क्षमा करणे किती जड असते हे प्रामाणिकपणे दाखवणारे पुस्तकच अशा घरांत काही करू शकेल, असे मला मनापासून वाटते.

उत्कंठा आणि श्रद्धा यांचे हे नाते नवे नाही. एस्तेरचे पुस्तक पवित्र शास्त्रात आहे, मूळ हिब्रूत त्यात देवाचे नाव एकदाही येत नाही, आणि राजाला झोप लागत नाही त्या रात्रीपासून कथा जी उलटते ती आजही श्वास रोखायला लावते. प्रभू येशूचे दाखलेही पाहावेत. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा परत येतो, मेजवानी सुरू होते, रुसलेला थोरला बाहेर उभा असतो, बाप त्याची समजूत घालतो आणि दाखला तेथेच संपतो. थोरला आत गेला की नाही हे शुभवर्तमानकार लूकने सांगितलेले नाही. ऐकणाऱ्याने स्वतः ठरवायचे आहे, आणि त्याला ठरवायला लावणे हाच त्या दाखल्याचा उद्देश असावा.

ज्यांना निव्वळ रहस्यकथा आवडतात त्यांनी जी. के. चेस्टरटन यांच्या फादर ब्राऊनच्या कथा वाचाव्यात. पहिला संग्रह १९११ साली निघाला. हा बुटका, साधाभोळा दिसणारा धर्मगुरू गुन्हेगार शोधतो तो बोटांचे ठसे तपासून नव्हे. तो स्वतःला गुन्हेगाराच्या मनात इतका खोल नेतो की, हा गुन्हा माझ्याही हातून होऊ शकला असता, असे त्याला दिसू लागते. फ्लाम्बो हा अट्टल चोर पुढे त्याचाच मित्र होतो आणि चोरी सोडतो. दुसऱ्याच्या पापाकडे बोट दाखवण्याआधी स्वतःच्या मनाकडे पाहावे हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. या कथांत ते गुन्ह्याच्या उकलीची किल्ली म्हणून येते, त्यामुळे ते विसरता येत नाही.

मराठीला हा वारसा मिळालेलाच आहे. इंग्लंडमधील बेडफर्डच्या तुरुंगात ज्यांची कित्येक वर्षे गेली त्या जॉन बन्यन यांचे १६७८मधील ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ हे यात्रेकरूचे रूपक हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिक क्रमण’ या नावाने मराठीत आणले. निराशेच्या राक्षसाच्या किल्ल्यात कोंडलेल्या यात्रेकरूला, दार उघडणारी किल्ली आपल्या छातीशीच होती हे आठवते, तो प्रसंग कर्जात किंवा आजारपणात सापडलेल्या माणसाने एकदा वाचावा. आमच्या शहरातून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी १८५७ची. विधवांच्या दुःखाला तिने वाचा फोडली याबद्दल तिचे मोल मोठे आहे, पण तिच्यात चर्चेसाठी कथा थांबते, आणि नंतरच्या पुष्कळ मराठी ख्रिस्ती लेखनाने तिच्याकडून नेमकी ही सवय उचलली, असे माझे मत आहे. तो मार्ग लक्ष्मीबाई टिळकांनी घेतला नाही. १८९५मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर ताटातूट झालेले हे जोडपे पुन्हा एकत्र नांदणार का, हा प्रश्न ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माहीत असलेल्या शेवटासकट काळजाला लागून राहतो. स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या आधीच लक्ष्मीबाईंनी जातिभेद मनातून टाकला तो कोणाच्या व्याख्यानाने नव्हे, स्वतः विचार करून, आणि त्या सांगतातही अशा साधेपणाने की वाचकाला आपल्याच घरातील भेदाभेद दिसू लागतात.

एका गोष्टीची सावधगिरी मात्र हवी. श्रद्धेच्या नावाखाली जगाच्या अंताची धास्ती दाखवून पाने उलटायला लावणारी पुस्तकेही आहेत, आणि प्रार्थना केली की नोकरी, घर, आरोग्य सगळे मिळते असे सांगणारी साक्षींची, म्हणजे स्वतःच्या श्रद्धेच्या अनुभवांची, पुस्तके तर आमच्या सभांतून ढिगांनी विकली जातात. कास्पर तुरुंगात मेले, बेट्सी परत आल्या नाहीत, हे ज्या पुस्तकाला सांगता येते त्याच्यावर आजारी माणसाच्या उशाशी बसून विश्वास ठेवता येतो. दुसऱ्या प्रकारची पुस्तके प्रार्थना करूनही बरे न झालेल्या माणसाला त्याच्या दुखण्यावर आणखी अपराधीपणा देतात, आणि हे मी जवळून पाहिले आहे.

म्हणून आपल्याला माझी विनंती आहे की, पुस्तकांच्या पानावर या साहित्याचे परीक्षण साहित्य म्हणूनच यावे. ते कच्चे असेल तर तसेही लिहावे, आम्हांला त्याचे वाईट वाटणार नाही. शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांनी पुस्तकखरेदी करताना ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी या प्रकारची दोन-चार पुस्तके घ्यावीत. मराठी ख्रिस्ती प्रकाशकांनी संदेशांचे आणखी संग्रह काढण्याआधी चांगले अनुवादक शोधावेत, त्यांना योग्य मोबदला द्यावा, आणि आमच्याच मंडळ्यांतील दुष्काळाच्या, धर्मांतराच्या, गिरणी संपाच्या काळातल्या खऱ्या कहाण्या, त्या सांगणारी माणसे हयात आहेत तोवर, लिहून घ्याव्यात. येत्या नाताळच्या पुरवणीत केक आणि रोषणाई यांच्या जोडीला एखाद्या अशा पुस्तकासाठी अर्धे पान राखून ठेवावे, आणि ते लिहिण्यास ख्रिस्ती नसलेल्या एखाद्या चोखंदळ वाचकाला सांगावे.

आपली नम्र,
एक वाचक, अहिल्यानगर