नुसतं "उंदीर पडले" म्हणून काय सिद्ध होतं?

प्रिय सानू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. परिकल्पना (म्हणजे तपासून बघायचा अंदाज), चल (प्रयोगात बदलणारी गोष्ट), नियंत्रित गट सगळ्याच्या व्याख्या पाठ आहेत पण एमसीक्यू जरा फिरवून आला की गाडी अडते, आणि वर्गीकरणाच्या चॅप्टरमधली लॅटिन नावं तर नुसती घोकंपट्टी, असंच ना? आता लातूरला येऊन मी काही तुला शिकवणार नाही, तिथे सर आहेत, पण पॅथॉलॉजी लॅबमध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं की ह्या गोष्टी व्याख्येतून कळतच नाहीत, त्या भांडणातून कळतात. म्हणून एक भांडण सांगते, मुंबईच्या प्लेगचं.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेग ओळखला. जंतू तोवर माहीत होता बरं का, यर्सँ नावाच्या डॉक्टरांनी तो १८९४ लाच हाँगकाँगला शोधला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कुठून हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सरकारने गटारं धुतली, घरं रिकामी केली, भिंतींना चुना मारला, औषधं फवारली, लोकांना जबरदस्तीने उचलून नेलं, आणि प्लेग तरी पसरतच राहिला.

आपल्याकडच्या लोकांना मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक होती. घरात उंदीर मरून पडला की घर सोडायचं आणि माळावर झोपडी बांधून राहायचं. तुझी पणजी पण हेच सांगायची. निरीक्षण एकदम बरोबर आणि त्याने जीवही वाचायचे, पण सानू, त्यातून सिद्ध काय होतं ते बघ. घरातली हवा खराब असेल तरी माळावर गेलं की बरं वाटणार, जमिनीत विष असेल तरी तेच, आणि उंदरांमुळे होत असेल तरी तेच. एकच निरीक्षण आणि तिन्ही परिकल्पनांना चालतंय! अशा वेळी आणखी शंभर घरांची माहिती गोळा केलीस तरी काही उपयोग नाही. तिघींपैकी कोणीतरी खोटी पडेल असं काहीतरी मुद्दाम घडवून आणावं लागतं, प्रयोग म्हणजे तेवढंच.

ते केलं पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरने. त्याच्या दोन गोष्टी लक्षात आल्या होत्या. काही पेशंटच्या पायावर बारीक फोड दिसायचे, किडा चावल्यासारखे. आणि नुकता मेलेला उंदीर उचलणारे आजारी पडायचे पण मरून बराच वेळ झालेला उंदीर उचलणाऱ्याला काही होत नव्हतं. मग त्याला सुचलं की उंदीर थंड पडला की पिसवा त्याला सोडून जातात, म्हणजे दोष पिसवांचा तर नाही?

१८९८ च्या जूनमध्ये कराचीला एका हॉटेलात उतरलेला असताना त्याने एक मोठी काचेची बरणी घेतली, तळाला वाळू, त्यात प्लेगच्या घरातून आणलेला आजारी उंदीर, आणि पिसवा कमी पडू नयेत म्हणून हॉटेलातल्या मांजरीच्या अंगावरच्या पिसवा काढून त्याच्यावर सोडल्या (मला हा माणूस इथेच आवडायला लागला). मग वरून जाळीच्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर लटकवला, म्हणजे दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही, पण पिसू उडी मारून जाऊ शकते. आजारी उंदीर दुसऱ्या दिवशी मेला आणि काही दिवसांनी वरचा पण प्लेगने गेला.

आता तुझ्या परीक्षेतला प्रश्न इथे आहे. एवढ्याने पिसू दोषी ठरते का? नाही ठरत, कारण हवा तर दोघांची एकच होती ना! म्हणून त्याने पिसवा नसलेला आजारी उंदीर निरोगी उंदरांबरोबर ठेवला आणि त्यांना काहीच झालं नाही. हा नियंत्रित गट. बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि ज्याच्यावर संशय आहे तेवढंच काढून घ्यायचं.

तरीही लोकांना पटलं नाही, आणि त्याचं एक कारण तुझ्या त्या कंटाळवाण्या चॅप्टरमध्ये आहे. युरोपात तिथल्या उंदरांवरच्या पिसवा तपासल्या तर त्या माणसाला चावतच नव्हत्या, मग झालं, सिमाँ चुकला म्हणाले. पण ती पिसूच वेगळी! आपल्याकडच्या उंदरांवरची ती झेनोप्सिला चिओपिस आणि ती माणसाला चावते. दोघी "पिसू"च, पण जाती वेगळ्या, सवयी वेगळ्या. ती दोन-दोन शब्दांची नावं ह्यासाठी असतात गं.

शेवटी १९०५ नंतर प्लेगच्या तपासासाठी नेमलेल्या प्लेग कमिशनने मुंबईला परळच्या लॅबमध्ये हे प्रयोग नीट परत केले. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोल्यांत गिनीपिगचे पिंजरे टांगले, काही जमिनीपासून दोन इंचांवर, काही दोन फुटांवर. खालच्यांना प्लेग झाला, वरचे वाचले. हवा तर दोन फुटांवर पण पोचते, पिसूची उडी पोचत नाही. किती साधं, आणि हवेवाल्यांना बोलायला जागाच नाही. पिसूच्या पोटात नेमकं काय होतं ते अजून नंतर, १९१४ ला कळलं. जंतूंचा गोळा तिच्या जठराच्या तोंडाशीच अडकतो, रक्त खाली उतरत नाही, मग ती भुकेने परत परत चावते आणि ओढलेलं रक्त जंतूंसकट जखमेत परत टाकते.

आता तुला होमवर्क. १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस बनवणारे शास्त्रज्ञ हाफकीन यांनी आधी स्वतःला आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना ती टोचली. साधारण अर्ध्या कैद्यांनी घेतली. न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ गेले, घेतलेल्यांत २ आजारी पडले आणि दोघेही वाचले. लसीचा गुण दिसतोय, पण लस घ्यायची की नाही हे कैद्यांनी आपापलं ठरवलं होतं. त्याने निकालात काय गडबड होऊ शकते, आणि तू हाफकीनच्या जागी असतीस तर काय वेगळं केलं असतंस, ते रविवारी फोनवर सांग. गुगल करायचं नाही.

चिवडा पाठवलाय, रूममेटला पण दे.

आई