एका तारखेच्या गाठी

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतची चार पानी यादी मिळाली. एकाच तारखेला निरनिराळ्या साली काय काय घडलं ते तू इतक्या चिकाटीने उतरवून काढलंस, आणि शेवटी समासात हळूच विचारलंस, "यात काही सूत्र असेल का रे?" गेले चार दिवस तेच डोक्यात घोळतंय.

आधी तुझा लाडका ४ जुलै. १८२६ साली, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी, दुपारी माजी अध्यक्ष थॉमस जेफरसन गेला आणि काही तासांनी दुसरा माजी अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स. पाच वर्षांनी आणखी एक माजी अध्यक्ष, जेम्स मन्रो, तोही ४ जुलैलाच. अंगावर काटा येतो, कबूल. पण तारखा ३६६ आणि इतिहासात नोंदलेली माणसं अगणित. नुसती २३ माणसं एका खोलीत बसवलीस, तरी त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकच निघण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. तेव्हा माझ्या मते हा कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असा प्रकार. गंमत म्हणजे लोक २ जुलै साजरा करतील अशी अ‍ॅडम्सची खात्री होती, कारण स्वातंत्र्याचा ठराव त्या दिवशी मंजूर झाला होता. ४ तारीख जाहीरनाम्याच्या मजकुराला मान्यता मिळाल्याची!

२३ एप्रिल १६१६ मात्र यादीतून खोड. शेक्सपिअर आणि 'डॉन किहोते' लिहिणारा स्पॅनिश लेखक सर्वान्तेस एकाच दिवशी गेले हे ऐकायला गोड आहे, पण स्पेनमध्ये तेव्हा ग्रेगरियन, म्हणजे आज आपण वापरतो ती, कालगणना होती आणि इंग्लंडमध्ये जुनी ज्युलियन. दोन्हींत दहा दिवसांचं अंतर. इंग्लंडातला २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधला ३ मे. त्यातून सर्वान्तेस आदल्या दिवशी, २२ लाच गेला आणि २३ ही त्याच्या दफनाची तारीख, असं अभ्यासक मानतात. म्हणजे तारीख एक, दिवस वेगळे.

काही तारखा तर माणसांनी मुद्दाम जुळवलेल्या. आपली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारली गेली, पण ती पूर्णपणे लागू व्हायला दोन महिने थांबली, कारण १९३० च्या २६ जानेवारीला पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. आणि १५ ऑगस्ट माउंटबॅटननी निवडला तो जपानच्या शरणागतीचा दुसरा वाढदिवस म्हणून! आपल्या स्वातंत्र्याच्या तारखेत जपानचा पराभव दडलाय, हे मला अजूनही थोडं खटकतं.

पण सदा, तुझ्या यादीत ९ नोव्हेंबर एका ओळीत कसा काय उरकलास? सूत्र असेल तर ते तिथेच आहे. १९१८ मध्ये त्या दिवशी जर्मनीत कैसरची, म्हणजे सम्राटाची, सत्ता संपली आणि बर्लिनमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं. ते ज्यांच्या डोळ्यांत सलत होतं त्यांत हिटलर होता. १९२३ मध्ये ८ तारखेच्या रात्री म्युनिकच्या एका बिअरगृहात त्याने उठाव पुकारला, आणि ९ ला पोलिसांच्या गोळीबारात तो मोडला. पुढे सत्ता आल्यावर नाझी पक्षाने त्या दिवसाचा स्मृतिसोहळाच करून टाकला. म्हणूनच १९३८ मध्ये ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी पक्षाची जुनी मंडळी म्युनिकमध्ये एकत्र जमली होती. पॅरिसमध्ये एका ज्यू तरुणाने गोळ्या झाडलेला जर्मन अधिकारी मरण पावल्याची बातमी तिथे पोचली, नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्सने भाषण ठोकलं, आणि त्याच रात्री देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, पेटले, ज्यूंची दुकानं फोडली गेली. सुमारे ३०,००० ज्यू पुरुषांना पकडून नेलं. इथे कावळा नाही आणि फांदीही नाही. एका तारखेने दुसरीला जन्म दिलाय.

आणि १९८९ मध्ये त्याच तारखेला बर्लिनची भिंत उघडली ती? ती निव्वळ गफलत. पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचा नेता गुंटर शाबोव्स्की पत्रकारांना प्रवासाचे नवे नियम सांगत होता. कधीपासून लागू, असं कुणीतरी विचारलं. नियम दुसऱ्या दिवशी, १० तारखेला जाहीर व्हायचे होते, हे त्याला माहीत नव्हतं. कागद चाळत तो म्हणाला, "माझ्या माहितीप्रमाणे... ताबडतोब." लोक भिंतीकडे धावले, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या पहाऱ्याने फाटक उघडलं. मध्यरात्रीला जेमतेम अर्धा तास राहिला होता. तो आणखी थोडा वेळ अडून बसला असता, तर तुझ्या यादीत भिंत १० तारखेला गेली असती. इतका आनंदाचा दिवस हाताशी असूनही जर्मनांनी राष्ट्रीय दिन ठेवला ३ ऑक्टोबर, एकीकरणाचा. ९ नोव्हेंबरवर १९३८ ची काजळी होती ना!

यादी परत पाठवतोय, पेन्सिलीच्या खुणांसकट. तिसऱ्या पानावर तू रशियाची 'ऑक्टोबर क्रांती' ७ नोव्हेंबरखाली टाकलीस आणि पुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह काढलंस. शेक्सपिअरचा परिच्छेद पुन्हा वाच आणि त्याचं उत्तर तूच मला लिहून पाठव.

तुझाच,
वसंता